मार्चअखेरची ग्रंथखरेदी

फेब्रुवारी संपत आला की महाराष्ट्रातल्या लहान सार्वजनिक ग्रंथालयांकडे दरपत्रकं यायला लागतात. कुणी चाळीस टक्के सवलत देतो, कुणी पन्नास, कुणी साठ. अनुदानाचा हप्ता उशिरा जमा झालेला असतो आणि तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. हिशेब तपासनिसाला बिल आणि दाखल नोंदवही यांचा मेळ घालून दाखवायचा असतो. मग कार्यकारिणीची घाईघाईनं बैठक होते, सगळ्यांत जास्त टक्के देणाऱ्याचं दरपत्रक मंजूर होतं आणि आठवडाभरात खोकी येऊन पडतात. आत काय आहे ते बऱ्याचदा खोकी फोडल्यावरच कळतं. थोडे वैचारिक ग्रंथ, थोडी चरित्रं, थोडं बालवाङ्मय. बिलावर ‘विविध विषयांवरील निवडक ग्रंथ’ असं लिहिलेलं असतं. ती निवड ग्रंथालयानं केलेली नसते, विक्रेत्याच्या गोदामात जे पडून होतं त्यानं केलेली असते.

ही पद्धत थांबली पाहिजे, आणि ती थांबवायला जादा पैसा लागत नाही, असं आमचं म्हणणं आहे. ग्रंथालयानं पुस्तक उघडून बघून घ्यावं, सवलतीची बोलणी त्यानंतर करावीत. अभ्यासाचं पुस्तक, चरित्र आणि मुलांचं पुस्तक उघडून बघण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत, त्या निवड करणाऱ्यांना माहीत असायला हव्यात. आणि सरकारी तपासणीनं नुसती ग्रंथसंख्या मोजणं सोडायला हवं.

आधी टक्क्यांचा हिशेब करू. डेमी आकाराचं, १६० पानांचं, एकरंगी छपाईचं, पाठ नुसत्या गोंदानं चिकटवलेलं एक पुस्तक आहे. त्यावर ४०० रुपये किंमत छापलेली आहे आणि ते साठ टक्के सवलतीनं मिळतं. म्हणजे ग्रंथालयाला १६० रुपयांना पडतं. त्याच आकाराचं, तेवढ्याच पानांचं, नीट संपादन केलेलं, शिलाई घातलेलं दुसरं पुस्तक २०० रुपये छापील किमतीचं आहे. त्याचा प्रकाशक पंचवीस टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून ते १५० रुपयांना पडतं. दुसरं पुस्तक दहा रुपयांनी स्वस्त आहे. तरी बैठकीत पहिलंच मंजूर होतं, कारण दरपत्रकात टक्के दिसतात, पुस्तक दिसत नाही. ग्रंथालयांसाठी म्हणून काढलेल्या अशा पुस्तकांची किंमत सवलत गृहीत धरूनच फुगवलेली असते. ती दुकानात वाचकाला विकण्यासाठी छापलेलीच नसतात.

हे इथपर्यंत आलं कसं, ते समजून घ्यायला हवं. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, कोल्हापूर संस्थानाचा ग्रंथालय कायदा १९४५ चा. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. १९७० च्या नियमांनी अनुदानाची चौकट घातली, आणि ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आली. वर्ग ठरवताना जागा, सेवक, सभासद यांच्याबरोबर ग्रंथसंख्येची किमान अट असते. त्या काळी ती योग्यच होती. गावात पाचशे पुस्तकंही नव्हती, तेव्हा संख्या वाढवणं हेच पहिलं काम होतं. आता अडचण उलटी झाली आहे. कपाटं भरलेली आहेत आणि त्यातली कितीतरी पुस्तकं एकदाही देवघेवीच्या टेबलावर आलेली नाहीत. वर्ग टिकवायचा तर संख्या टिकवावी लागते, म्हणून कालबाह्य पुस्तक बाद करायला कुणी धजत नाही आणि स्वस्तात संख्या वाढवणारं पुस्तक सगळ्यांना हवंसं वाटतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले दोन असे : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्गात हे पाठ करून घेतात. मार्चअखेरच्या खरेदीत दोन्ही एकदमच मोडले जातात.

आता एकेक प्रकार घेऊ. अभ्यासाची पुस्तकं म्हणून जे येतं, त्याची सर्वांत मोठी फसवणूक नावातच असते. ‘संदर्भग्रंथ’ असं मुखपृष्ठावर लिहिल्यानं पुस्तक संदर्भाचं होत नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आली, आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण मिळू लागले. त्यातून चर्चासत्रातले निबंध जसेच्या तसे एकत्र बांधून पुस्तक काढण्याची लाट आली. वीस लेखकांची वीस प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात त्याच व्याख्येनं, तीच आकडेवारी तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं. संपादकाचं नाव मुखपृष्ठावर असतं, हात मात्र मजकुरावरून फिरलेला नसतो. ही पुस्तकं लेखकांच्या फाइलीसाठी छापलेली असतात, आणि उरलेल्या प्रती सवलतीच्या दरपत्रकांतून ग्रंथालयांत येतात. आयएसबीएन हा फक्त ओळख क्रमांक आहे. भारतात तो मोफत मिळतो आणि कुणाही प्रकाशकाला मिळतो. ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा आकडा बघून पुस्तक दर्जेदार मानणं म्हणजे गाडीचा नंबर बघून इंजिन चांगलं मानण्यासारखं आहे.

अभ्यासाचं पुस्तक हातात आलं की आधी शीर्षक पानाची मागची बाजू बघावी. पहिली आवृत्ती कोणत्या साली आणि हातातली प्रत सुधारित आवृत्ती आहे की नुसतं पुनर्मुद्रण, हे तिथे कळतं. ‘आवृत्ती आठवी, २०२३’ असं लिहिलेलं असलं तरी आत सगळी आकडेवारी २००१ च्या जनगणनेची असेल तर ते पुनर्मुद्रण आहे, आवृत्ती नव्हे. त्यानंतर शेवटची पानं बघावीत. विषयसूची आहे का? नामसूची आहे का? मराठीत अभ्यासाची पुस्तकं सूचीशिवाय निघतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, याची आम्हाला मनापासून खंत आहे. तीनशे पानांच्या पुस्तकात ‘रयतवारी’ कुठे आली आहे हे शोधायला तीनशे पानं चाळावी लागत असतील, तर तो ग्रंथ संदर्भासाठी निकामी आहे. सूची करणं अवघड नाही. पानं पक्की झाल्यावर जाणकार माणसाचं चार-पाच दिवसांचं काम आहे, आणि मजकूर युनिकोडमध्ये असेल तर शोधाशोध संगणक करतो. सूची नाही याचा अर्थ प्रकाशकानं हे चार-पाच दिवस वाचवले. ग्रंथालयांनी सूची नसलेला अभ्यासग्रंथ परत करायला सुरुवात केली, तर दोन वर्षांत सूची यायला लागतील.

अभ्यासाच्या पुस्तकाला वय असतं, हेही खरेदीच्या वेळी कुणी विचारात घेत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुनी कलमं सांगणारी ‘सोपा कायदा’ छापाची सगळी पुस्तकं त्या दिवशी कालबाह्य झाली. गोदामात पडलेल्या त्या प्रती सत्तर टक्के सवलतीनं सुद्धा महागच आहेत, कारण त्या वाचणारा माणूस चुकीच्या कलमावर विसंबेल. लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या जाडजूड संचांचा त्या परीक्षेसाठी आता फारसा उपयोग नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊच नयेत असं नाही, अभ्यासिकेतल्या मुलांना ती लागतात. पण ती वेगळ्या नोंदीत, एका शीर्षकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती न घेता, आणि दोन वर्षांनी बाद होणार हे धरूनच घ्यावीत. कायमच्या संग्रहाच्या पैशात त्यांची भर घालू नये.

याउलट, जी अभ्याससाधनं खरोखर टिकतात ती दरपत्रकांत दिसत नाहीत, कारण त्यांवर कुणाला मोठं कमिशन सुटत नाही. मराठी विश्वकोशाचे खंड, साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेले ग्रंथ, महात्मा फुले यांचं समग्र वाङ्मय, ही सरकारी प्रकाशनं अतिशय कमी किमतीत निघतात. मंडळाचे कितीतरी ग्रंथ संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. एका संगणकावर ते भरून ठेवायचे, आणि त्यांची नावं लिहिलेली यादी देवघेवीच्या टेबलाजवळ लावायची, एवढंच काम आहे. तेवढं सुद्धा न करता ग्रंथालय तोच पैसा सूची नसलेल्या निबंधसंग्रहांवर घालवतं.

चरित्रांकडे वळू. मराठी वाचकाला चरित्र आवडतं, आणि म्हणूनच या कपाटात निकृष्ट माल सगळ्यांत सहज खपतो. इथे परीक्षा तारखांची. चरित्रकारानं साधनं हाताळली आहेत की दुसऱ्याचं चरित्र समोर ठेवून लिहिलं आहे, हे तारखांवरून पाच मिनिटांत समजतं. आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. जन्म ३१ मार्च १८६५, पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मार्च १८८६, मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७, पुण्यात. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती, पण त्या परतल्या तेव्हा आजारी होत्या आणि तिथे काम सुरू करण्याआधीच गेल्या. शेवटच्या प्रकरणात ‘कोल्हापुरात त्यांनी रुग्णसेवा केली’ असं वाक्य सापडलं, तर पुस्तक खाली ठेवावं. लेखकानं पत्रं वाचलेली नाहीत, आणि मधली दोनशे पानंही तशीच लिहिलेली असणार.

मराठ्यांच्या इतिहासातल्या व्यक्तींबाबत शक आणि सनाची सांधेजोड बघावी. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शिवछत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं, जे चूक आहे. ७९ मिळवले तर १६३०. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तो दिवस १ मार्च येतो. जबाबदार चरित्रकार हे तळटीपेत सांगतो आणि वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही दुसरी तिथी का मागे पडली, जेधे शकावलीचं, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार घटना नोंदवणाऱ्या टिपणाचं, महत्त्व काय, हेही दोन ओळींत लिहितो. ज्या चरित्रात माघ-फाल्गुनातल्या घटना सरसकट एक वर्ष आधी पडलेल्या दिसतात, त्याच्या लेखकाला हे गणित माहीत नाही. मग त्यानं वाचलेली मूळ कागदपत्रं कोणती, हा प्रश्न उरतोच.

चरित्राचा आणखी एक दोष कानाला कळतो. पान उघडावं आणि संवाद वाचावेत. दीडशे वर्षांपूर्वी बंद खोलीत नवरा-बायकोत झालेलं बोलणं अवतरणचिन्हांत, शब्दशः छापलेलं असेल आणि त्याला पत्राचा, आठवणींचा, रोजनिशीचा आधार नसेल, तर ती कादंबरी आहे. कादंबरी असायला हरकत नाही. चरित्रात्मक कादंबरी हा मराठीतला मोठा प्रकार आहे आणि वाचक ती हक्कानं मागतात. मात्र दाखल नोंदवहीत ती कादंबरी म्हणूनच चढली पाहिजे. चरित्राच्या कपाटातून ती नेलेला दहावीचा विद्यार्थी त्यातला संवाद आपल्या निबंधात ऐतिहासिक उद्गार म्हणून लिहितो, आणि तो त्याचा दोष नसतो.

गौरवग्रंथांबद्दल थोडक्यात : साखर कारखान्याच्या संस्थापकांचे, शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचे जाड ग्रंथ ग्रंथालयाला भेट म्हणून येतात. तालुक्याच्या स्थानिक इतिहासासाठी त्यांची एक प्रत ठेवण्यासारखी असते, कारण त्यातली छायाचित्रं आणि जीवनपट दुसरीकडे मिळत नाही. पैसे देऊन मात्र घेऊ नयेत.

विकत घेतलेलं चांगलं चरित्र सापडेल अशा जागी ठेवणं हाही निवडीचाच भाग आहे. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत चरित्रांचा सरसकट आकडा ९२०. लहान ग्रंथालयांत त्याखाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं घालतात, त्यामुळे सावित्रीबाईंची तीन चरित्रं तीन फळ्यांवर जातात. पाठीवरच्या चिठ्ठीत दुसऱ्या ओळीला चरित्रनायकाच्या नावाची पहिली अक्षरं आणि तिसऱ्या ओळीला लेखकाची अक्षरं घातली, की तिन्ही शेजारी येतात. दोनशे चरित्रांच्या संग्रहाला हे काम दोन दुपारींचं आहे.

मुलांच्या पुस्तकांवर जास्त बोलावं लागेल, कारण तिथे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं आणि नुकसान सगळ्यांत मोठं होतं. कार्यकारिणीतल्या मोठ्यांना २४ पानांचं रंगीत पुस्तक १५० रुपयांना महाग वाटतं. त्याच पैशात १६० पानांची बोधकथा येते, असा हिशेब होतो. पण चाररंगी छपाईत कागदाच्या प्रत्येक बाजूसाठी चार प्लेटा लागतात, कागद जाड लागतो, चित्रकाराचं मानधन लेखकाइतकंच किंवा अधिक असतं, आणि मराठीत प्रती थोड्या निघाल्या की हा सगळा खर्च मोजक्या प्रतींवर वाटला जातो. २४ पानांना १५० रुपये ही लूट नाही. शिवाय खरा हिशेब पानांचा नसतो. १५० रुपयांचं चित्रमय पुस्तक दोन वर्षांत पन्नास मुलांनी नेलं, तर एका वाचनाला तीन रुपये पडले. १६० रुपयांचा निबंधसंग्रह कुणीच नेला नाही, तर अख्खे १६० रुपये बुडाले.

मुलांचं पुस्तक बघताना आधी अक्षर बघावं. पहिली-दुसरीच्या मुलाला देवनागरी किमान २० पॉइंट, शक्यतो २४ पॉइंटात हवी. तिसरी-चौथीला १६ ते १८ चालते. रोमन लिपीच्या पुस्तकांची मापं इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत, कारण आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार असतो आणि खाली उकार. दोन ओळींत जागा कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो आणि शिकाऊ वाचक अडखळतो. ‘कुत्र्यांच्या’, ‘वर्गात’, ‘शुद्ध’ असे शब्द असलेली ओळ शोधून त्यावर बोट ठेवावं. जोडाक्षराचे घटक सुटे ओळखू येतात का? ओळीच्या शेवटी शब्द तोडले आहेत का? लहान मुलांच्या पुस्तकात शब्द तोडणं हा संपादकाचा निष्काळजीपणा आहे. चित्राच्या गडद भागावर काळी अक्षरं छापलेली असतील, तर तेवढं पान मूल वाचणार नाही, उलटून टाकेल.

शुद्धलेखनाची एक झटपट परीक्षा आहे, आणि ती मोठ्यांच्या पुस्तकांनाही लागते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे वेगळे शब्द आहेत. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना हा अर्धा र हमखास बिघडतो. ‘डोंगरदर्या’ किंवा ‘वार्याची झुळूक’ असं छापलेलं दिसलं, तर बदललेला मजकूर कुणी पुन्हा वाचलेलाच नाही. एका पानावर असं दोनदा सापडलं की पुढे बघायची गरज नाही.

मजकुराच्या बाबतीत माहितीपर बालपुस्तकं सर्वांत धोक्याची. त्यातल्या चुका मुलाच्या डोक्यात वीस वर्षं राहतात. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं, तरी नऊ ग्रहांची चित्रं असलेली पुस्तकं अजून ‘नवीन’ म्हणून येतात. महाराष्ट्रात पालघर धरून ३६ जिल्हे १ ऑगस्ट २०१४ पासून आहेत. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० रोजी एकत्र झाले, तेव्हापासून देशात २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. ही तीन ठिकाणं बघितली की सामान्यज्ञानाच्या पुस्तकाचं खरं वय कळतं, मुखपृष्ठावर कोणतंही साल असो.

गोष्टींच्या पुस्तकांत वेगळी खबरदारी लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क खुले होतात, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं साहित्य कुणालाही छापता येतं. हे चांगलंच झालं. पण त्यामुळे ‘श्यामची आई’च्या कितीतरी आवृत्त्या बाजारात आल्या, आणि त्या सारख्या नाहीत. काहींत रात्री गाळलेल्या आहेत, काहींत परिच्छेद कापलेले आहेत, आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द कुठेच छापलेला नाही. पुस्तकात ‘रात्र पहिली’पासून बेचाळीस रात्री आहेत. अनुक्रमणिका मोजायला अर्धं मिनिट लागतं. संक्षिप्त आवृत्ती लहान मुलांसाठी मुद्दाम घेणं वेगळं, आणि अख्खी समजून कापलेली घेणं वेगळं.

मुलांसाठीची चरित्रं हा वरच्या दोन्ही प्रकारांच्या दोषांचा संगम असतो. ३२ पानं, प्रत्येक पानावर ‘थोर’, ‘महान’, ‘असामान्य’, आणि बालपणीची एक रचलेली गोष्ट. मुलांना विशेषणं आठवत नाहीत. सावित्रीबाई भिडे वाड्यात शिकवायला जात तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, हे त्यांना आठवतं. १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची शुश्रूषा करताना त्या गेल्या, हे आठवतं. वय, अंतर, पगार, किती मुली शाळेत होत्या, कुणी विरोध केला, असले तपशील देणारं पुस्तक निवडावं, मग चित्रं थोडी साधी असली तरी चालतील.

बांधणीला मुलांच्या पुस्तकात सर्वांत जास्त मार बसतो. पातळ पुस्तकं मधोमध पिना मारलेली असतात. कोकणात, गोव्यात, जिथे हवा दमट आहे तिथे एका पावसाळ्यात पिना गंजतात आणि मधलं पान डाग पडून सुटतं. दाखल करतानाच पिना काढून दोरा घालावा. मधलं पान उघडून घडीवर सारख्या अंतरानं तीन भोकं पाडायची. मधल्या भोकातून दोरा आतून बाहेर काढायचा, वरच्यातून आत घ्यायचा, आतूनच खालच्यापर्यंत नेऊन बाहेर काढायचा, पुन्हा मधल्यातून आत आणायचा. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. एका पुस्तकाला दहा मिनिटं लागतात आणि आयुष्य कितीतरी वाढतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. ती पिवळी पडते, सुकून गळते आणि खालचं अक्षर घेऊन जाते. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाची खळ पुरते. बाईंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विषारी असतं. मुलांच्या पुस्तकांसाठीच्या खळीत ते घालू नये, कारण मुलं बोट ओलं करून पान उलटतात.

मोठ्या पुस्तकांची बांधणी बघायची तर पाठीच्या वरच्या टोकाकडे बघावं. सोळा-सोळा पानांच्या घड्या वेगळ्या दिसल्या आणि घडीच्या मध्यावर दोरा दिसला, तर शिलाई आहे. सगळी पानं सुटी कापून गोंदात बसवलेली असतील, तर मधोमध उघडल्यावर पाठ कडकड वाजते, आणि देवघेवीतल्या पुस्तकाचं पान काही फेऱ्यांतच हातात येतं. असं पुस्तक आवश्यकच असेल तर घ्यावं, पण पुनर्बांधणीचे पैसे त्याच्या किमतीत धरावेत.

मग निवड करायची कशी? लहान ग्रंथालयाला जमेल अशीच रीत सांगतो. देवघेवीच्या टेबलावर मागणीवही ठेवायची आणि वाचकानं मागितलेलं, पण न मिळालेलं प्रत्येक नाव त्यात लिहायचं. मार्चची वाट न बघता वर्षातून चार वेळा थोडी थोडी खरेदी करायची. अनुदान उशिरा येतं हे खरं आहे आणि त्याबद्दलची तक्रारही रास्त आहे, पण वर्गणी आणि स्थानिक देणग्यांतून पहिल्या दोन तिमाहींची छोटी खरेदी होऊ शकते. निवड समितीत कार्यकारिणीच्या बाहेरचे दोघे हवेत : एक प्राथमिक शिक्षिका आणि एक नियमित वाचक. विक्रेत्याकडून यादी न घेता नमुना प्रती मागवायच्या आणि त्या आठ दिवस ठेवून बघायच्या. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य यादी मदतीला असतेच. तिच्यात नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत कळते, पुढचं काम पुस्तक उघडूनच करावं लागतं. पैशाची वाटणी आधी ठरवायची. दर चार रुपयांतला एक मुलांच्या पुस्तकांसाठी राखला नाही, तर त्यांच्या वाट्याला नेहमी उरलेलंच येतं. जिथे पैसा अगदीच तोकडा आहे, तिथे स्टोरीवीव्हरसारख्या मुक्त परवान्याच्या संग्रहातली मराठी चित्रपुस्तकं छापून, शिवून ठेवता येतात. वाचनाच्या चार पायऱ्या तिथे आधीच लावलेल्या आहेत.

सवलत घेऊच नये असं आमचं म्हणणं नाही. पुस्तकं ठरली की त्यांच्यासाठी तीन विक्रेत्यांचे दर मागवावेत आणि ज्याचा दर कमी असेल त्याच्याकडून घ्यावीत. तेव्हा टक्के खऱ्या किमतीवर असतात.

‘गावात वाचणारे उरलेत कुठे?’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो. त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीत असतं. कोणत्याही ग्रंथालयात मागच्या तीन वर्षांत घेतलेली पन्नास पुस्तकं काढून त्यांच्या चिठ्ठ्या बघाव्यात. कोऱ्या चिठ्ठ्यांचे आणि भरलेल्या चिठ्ठ्यांचे दोन ढीग करावेत, आणि प्रत्येक ढिगाची बिलं शोधावीत. वाचक कमी झाले की त्यांना हवं ते कमी झालं, हे त्या दोन ढिगांवरून गावच्या कुणालाही ठरवता येईल.

शासनाकडे मागणी एवढीच आहे. वार्षिक तपासणीच्या प्रपत्रात ग्रंथसंख्येच्या शेजारी दोन रकाने वाढवावेत : वर्षात घेतलेल्या पुस्तकांपैकी किमान एकदा देवघेवीत गेलेली किती, आणि कालबाह्य किंवा जीर्ण म्हणून बाद केलेली किती. बाद केलेली पुस्तकं पुढची तीन वर्षं वर्गवारीच्या संख्येत धरली जावीत, म्हणजे वर्ग जाण्याच्या भीतीनं कुणी जुनी दंड संहिता कपाटात ठेवणार नाही. आणि ग्रंथखरेदीच्या बिलाला निवड समितीच्या सह्यांचं एक पान जोडणं बंधनकारक करावं, ज्यात प्रत्येक पुस्तकापुढे ते कुणी उघडून पाहिलं त्याचं नाव असेल.